केळापूरहून विद्यापीठ किती दूर?

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर हे जगदंबेच्या देवळाचे गाव. तालुक्याला नाव या गावाचे असले तरी कचेऱ्या, बाजार आणि महाविद्यालय हे सगळे जवळच्या पांढरकवड्याला आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग तालुक्यातूनच जातो. दक्षिणेला पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख. बाजाराच्या दिवशी इथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामीही कानावर पडतात.

इथल्या विद्यार्थ्यापासून विद्यापीठ किती दूर आहे? नकाशा काढून बसले तर उत्तर सोपे आहे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे बराच काळ इथल्या मुलांचे विद्यापीठ म्हणजे नागपूर, सुमारे दीडशे किलोमीटरवर. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले, त्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. यवतमाळ जिल्हा तिकडे गेला, अंतर मात्र जवळपास तेवढेच राहिले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. ते सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर, आणि तरीही घरी येतो म्हणणारे. आज विद्यापीठ खिशातल्या फोनमध्ये आहे असे सांगितले जाते. मग अंतर शून्य झाले म्हणायचे का?

आम्हाला वाटते, किलोमीटर हे इथे चुकीचे माप आहे. विद्यार्थ्याने एखादे उत्तर लिहिले. कोणीतरी ते वाचले, चूक कुठे झाली ते दाखवले आणि ते विद्यार्थ्याच्या हाती परत आले. याला जितके दिवस लागतात, तितके विद्यापीठ दूर. उत्तर परत आलेच नाही, तर विद्यापीठ शेजारच्या गल्लीत असले काय आणि फोनमध्ये असले काय! हे माप हातात धरून आपण गेल्या पावणेदोनशे वर्षांकडे पाहू. विद्यापीठांनी या काळात आपले बिऱ्हाड अनेकदा हलवले: टपालात, दूरचित्रवाणीवर, उपग्रहावर आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर. प्रत्येक वेळी धडा पाठवण्याची वाट रुंद झाली. परतीच्या वाटेचे काय झाले, हा आपला प्रश्न.

टपालाची वाट

इंग्लंडमध्ये १८४० साली टपालाचा एक पेनी हा एकच दर लागू झाला. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला पैसे तेवढेच. त्याच सुमारास आयझॅक पिटमन या शिक्षकाने आपली लघुलिपी टपालाने शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी बायबलमधले उतारे लघुलिपीत उतरवून पाठवायचे आणि पिटमनने ते तपासून परत धाडायचे. पत्राद्वारे शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक इथूनच प्रारंभ करतात, आणि ते योग्यच आहे. पिटमनच्या आधीही घरबसल्या शिका अशा जाहिराती निघत होत्या. पिटमनची पद्धत तपासून परत देण्यावर उभी होती, हे तिचे वेगळेपण. स्वस्त टपालामुळे धडा जाणे स्वस्त झाले तसे उत्तर येणेही स्वस्त झाले. दोन्ही दिशांना दर एकच!

भारतात असा एकसारखा दर १ ऑक्टोबर १८५४ पासून आला. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याचा नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि तो नमुना म्हणजे परीक्षा घेणारे विद्यापीठ. शिकवायचे महाविद्यालयांनी. विद्यापीठ प्रश्नपत्रिका काढणार, उत्तरपत्रिका तपासणार आणि पदवी देणार. लंडनने १८५८ साली आणखी एक पाऊल टाकले आणि कुठल्याही महाविद्यालयात न गेलेल्यांनाही परीक्षेला बसण्याची मुभा दिली. घरी अभ्यास करून लंडनची पदवी घेणारे लोक मग जगभर निघाले. पण या पद्धतीत उत्तरपत्रिका एकदा गेली की परत येत नाही. येतो तो फक्त निकाल. आपल्याकडची उच्च शिक्षणाची इमारत या पायावर उभी राहिली, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. ती ध्यानात ठेवू.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे पदवी अभ्यासक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ च्या सुमारास तोच मार्ग धरला. दिवसा नोकरी करणारे कारकून, लग्न होऊन शिक्षण तुटलेल्या मुली आणि बढतीसाठी पदवी हवी असलेले प्राथमिक शिक्षक, अशा कितीतरी लोकांना ही दारे उघडली. मात्र छापील टिपणांचे पाकीट वेळेवर पाठवणे हे छापखान्याचे आणि टपालखात्याचे काम. स्वाध्याय तपासून शेरा लिहून परत करणे हे माणसाचे काम. पहिले काम हजार विद्यार्थ्यांसाठी करा की लाखासाठी, दर प्रतीमागचा खर्च कमीच होत जातो. दुसऱ्याचा होत नाही. दहापट विद्यार्थी म्हणजे दहापट तपासनीस. पैसा आणि माणसे अपुरी पडली की कात्री प्रथम कुठे लागणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ही गोष्ट ओळखली होती. १९६९ ची सनद आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी. त्याचे नाव झाले बीबीसीवरच्या पाठांमुळे, पण व्यवस्थेचा कणा होता गावोगावच्या अर्धवेळ शिक्षकांचा. तेच स्वाध्याय तपासत आणि पानभर शेरे लिहीत. गंमत अशी की विद्यापीठाचे पहिले सत्र सुरू होते न होते तोच ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. तो सुमारे सात आठवडे चालला, आणि पाकिटे पोचवण्याची पर्यायी सोय विद्यापीठाला घाईघाईने उभी करावी लागली. दूरचित्रवाणीवरचे पाठ संपकाळातही ठरल्या वेळी दिसतच होते. पण पाठ दिसणे आणि विद्यापीठ चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सात आठवड्यांत पुरेसे स्पष्ट झाले.

नाशिकचे शब्द

१ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते डॉ. राम ताकवले. त्याआधी त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले होते. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही ते कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद सर्वांना पाठ आहे. आमच्या मते ब्रीदवाक्याहून त्याचे साधे कामकाजाचे शब्द अधिक बोलके आहेत. अभ्यासक्रमाला 'शिक्षणक्रम', गावोगावच्या केंद्राला 'अभ्यासकेंद्र', आणि तिथे शिकवणाऱ्याला 'समंत्रक'. म्हणजे व्याख्याने झोडणारा नव्हे, तर विद्यार्थ्याशी विचारविनिमय करणारा. दूरच्या विद्यार्थ्याला जवळचा कोणीतरी हवा, ही कल्पना या एका शब्दात आली आहे.

अभ्यासकेंद्रासाठी नवी इमारत बांधली जात नाही. आधीच असलेल्या महाविद्यालयात सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र भरते. आठवडाभर जिनिंगमध्ये किंवा दुकानात राबणारा माणूस रविवारी बाकावर बसतो. बारावी न झालेल्यांसाठी विद्यापीठाने 'पूर्वतयारी' हा शिक्षणक्रम ठेवला. तो पुरा केला की पदवीचे दार उघडे. शाळा मध्येच सुटलेल्यांची संख्या ज्या तालुक्यात मोठी, तिथे या एका सोयीचे मोल किती, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. केंद्राच्या वर विभागीय केंद्र. यवतमाळ जिल्ह्यासाठी ते अमरावतीला. म्हणजे नाशिक सहाशे किलोमीटरवर असले तरी परतीची वाट मधल्या टप्प्यांनी बांधलेली होती.

ही वाट सगळीकडे सारखी पक्की राहिली असे मात्र कोणी म्हणणार नाही. समंत्रक चांगला भेटला तर केंद्र चालते, नाही तर ते परीक्षेचा अर्ज भरण्याचे ठिकाण बनते. मुक्त विद्यापीठात शिकलेल्या कोणालाही विचारा. तो आधी पुस्तकाबद्दल बोलत नाही, केंद्रावरच्या माणसाबद्दल बोलतो.

आकाशातून येणारा धडा

आता थोडे मागे जाऊ. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण शिक्षकांच्या दृष्टीने या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. प्राथमिक शाळांतील सुमारे पन्नास हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण या मार्गाने देण्यात आले. तिथे नुसता पडदा नव्हता. रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी हाताने प्रयोग करून घेणारा एक मार्गदर्शक शिक्षक होता. पडद्यावर दिसलेला प्रयोग फसला तर का फसला हे विचारायला माणूस हजर होता.

पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर देशभर दिसू लागले. अनेकांनी ते आवडीने पाहिले. पण शंका विचारायची तर पत्रच लिहायचे. २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक चाचणीसाठी इन्सॅट-३बी हा आधीचा उपग्रह वापरून तीन विद्यापीठे जोडण्यात आली, आणि त्यांपैकी एक नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. विद्यापीठाचे उपग्रहावर खऱ्या अर्थाने बिऱ्हाड गेले ते तेव्हा.

वर्गात करण्याजोगे एक गणित इथे आहे. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. धडा वर जाऊन खाली यायला ७२ हजार किलोमीटर, म्हणजे सुमारे पाव सेकंद लागतो. विद्यार्थ्याने शंका विचारली तर ती तशीच वर जाऊन खाली येणार, आणखी पाव सेकंद. म्हणजे अर्ध्या सेकंदात परतीची वाट पुरी! पिटमनच्या टपालापुढे ही प्रगती केवढी! पण यात एक अट होती. केंद्रावर जे यंत्र बसवायचे ते दोन प्रकारचे होते, फक्त ग्रहण करणारे आणि उलट बोलू शकणारे. पहिले स्वस्त, दुसरे महाग, कारण जमिनीवरून उपग्रहापर्यंत संदेश फेकायला प्रक्षेपक लागतो. जाणारी वाट सर्वांना आणि येणारी वाट मोजक्यांना, असे त्यामुळे होते. लाखो विद्यार्थ्यांसाठीच्या पत्रशिक्षणात स्वाध्यायांचे जे झाले, तेच इथे वेगळ्या यंत्राने झाले. एज्युसॅटचे काम २०१० साली संपले.

पडदा आणि त्यामागची कपाटे

संगणकावरून शिकवण्याची कल्पना आज वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० सालीच 'प्लेटो' ही प्रणाली सुरू झाली होती. इंटरनेट पसरल्यावर १९९० च्या दशकात 'वेबसीटी' आणि 'ब्लॅकबोर्ड' अशी तयार शिक्षणमंचांची बाजारपेठ उभी राहिली. लोक त्यांना सरसकट 'पोर्टल' म्हणतात, पण पडद्यावर दिसणारे पान म्हणजे दुकानाची फक्त पाटी. आत पाच-सहा कपाटे असतात. एकात विद्यार्थ्यांची पटनोंदणी, दुसऱ्यात धडे, तिसऱ्यात प्रश्नसंग्रह, चौथ्यात विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरे आणि शिक्षकांचे शेरे, पाचव्यात गुण. विद्यापीठाने मंच बदलायचा ठरवले की ही सगळी कपाटे हलवावी लागतात. ती सारखी हलत नाहीत, हे बदलाची घोषणा करणाऱ्यांना सहसा उशिरा कळते.

धड्यांचे कपाट त्यातल्या त्यात सोपे. २००० नंतर धडे बांधण्याची प्रमाण पद्धत आली, त्यामुळे एका मंचावरचा धडा दुसऱ्यावर उघडतो. पटनोंदणी आणि गुण हे रकान्यांचे काम आहे. ते कष्टाने पण जमते. विद्यार्थ्याने तीन वर्षांत काय लिहिले, शिक्षकाने त्यावर काय सांगितले आणि मग त्याने दुसऱ्यांदा काय लिहिले, ते कपाट मात्र बहुधा जुन्या घरातच राहते. वेबसीटी २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड कंपनीने विकत घेतले, तेव्हा जगभरच्या अनेक विद्यापीठांपुढे हा प्रसंग आला. त्यांच्या शिकवण्यात काही बदलले नव्हते, पण घरमालक बदलला होता.

याच काळातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. मार्टिन डूगियामास हा मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दूरच्या वाळवंटी वस्तीत वाढला. शाळा नव्हती. लघुलहरींच्या रेडिओवरून शिक्षिका बोलत आणि तोही रेडिओवरून उत्तर देई. गृहपाठाचे कागद विमानाने येत-जात. मोठेपणी तो पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची देखभाल करू लागला, त्यातल्या अडचणींना कंटाळला, आणि त्याने स्वतःच एक मंच लिहिला. २० ऑगस्ट २००२ रोजी 'मूडल' या नावाने त्याची पहिली आवृत्ती निघाली. ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी आणि बदलावी. चर्चा आणि परस्परांचे लिखाण वाचणे याला त्याने मंचात आरंभापासून जागा दिली. दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या रेडिओवर शिकलेल्या मुलाने असा मंच घडवावा, याचे नवल वाटत नाही.

भारताच्या 'स्वयम्' या मंचाचेही बिऱ्हाड हलले आहे. ९ जुलै २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो मायक्रोसॉफ्टच्या मदतीने बांधलेला होता. पुढे आयआयटी मद्रासने गूगल आणि पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या मदतीने तो नव्याने उभा केला.

दर्या आणि दऱ्या

मराठीतून शिकवणाऱ्या संस्थांना स्थलांतरात आणखी एक अडथळा होता, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. धडा इंग्रजीत असेल तर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर सुखाने जातो. मराठीचे तसे नव्हते.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक द्यायचा याचा करार सर्वांनी पाळला तरच एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी असा करार होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम १९९१ साली 'इस्की' या नावाने भारतीय मानक झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरूनच घेतलेली होती. पण छापखान्यांना घाई होती. मराठी पुस्तके जुळवण्यासाठी जे अक्षरसंच बाजारात आले, त्यांनी सोपी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. काना, मात्रा, रफार, अर्धा क, अर्धा त, असे तुकडे. प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. कागदावर छापून घेईपर्यंत सगळे छान. पण तीच फाइल पडद्यावर आणायची वेळ आली आणि तो अक्षरसंच त्या संगणकात नसला, की मराठी धड्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे.

मग रूपांतर का केले नाही? केले, पण ते केवळ क्रमांक बदलण्याचे काम नाही. 'किरण' हा शब्द घ्या. जुन्या संचात पहिली वेलांटी आधी, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण आपण तसे उच्चारतो. 'मार्ग' शब्दात जुन्या संचातला रफार ग नंतर येतो, कारण तो ग च्या डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त ग च्या आधी. म्हणजे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला दिसण्याचा क्रम सोडून उच्चाराचा क्रम शोधावा लागतो. थोडक्यात, तिला व्याकरण यावे लागते. आणि मराठीची खास अडचण पुढेच आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर विद्वान आणि स्वयंपाकी इतके अंतर. हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या आज्ञावलीला हा ऱ्य ओळखता येतोच असे नाही. भूगोलाच्या पुस्तकातल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होणे हा तेव्हा विनोद राहत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी आपण वापरतो तो ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली दाखल झाला. तोपर्यंत लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. दोन्ही पद्धती आजही चालू आहेत. 'अॅसिड' आणि 'ॲसिड' हे दोन शब्द बहुतेक पडद्यांवर डोळ्यांना एकच दिसतील. संगणकाच्या लेखी त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. आता रिकाम्या जागा भरण्याची परीक्षा मंचावर घेतली. शिक्षकाने उत्तरसूचीत एका पद्धतीने लिहिले आणि विद्यार्थ्याने फोनवरून दुसऱ्या पद्धतीने. मंच केवळ क्रमांक जुळवून पाहणारा असेल तर बरोबर उत्तराला शून्य मिळेल. वर विद्यार्थ्याला दाखवलेले 'योग्य उत्तर' त्याच्या उत्तरासारखेच दिसेल! त्याने काय समजायचे? हाताने तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने अशी चूक केली नसती.

एकदम हलवलेले बिऱ्हाड

२०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबई विद्यापीठाने त्याच उन्हाळ्यातील परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचे ठरवले. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. प्रत्येक उत्तरपत्रिकेचे प्रत्येक पान यंत्राखाली धरून त्याचे चित्र घ्यायचे, ते परीक्षकाच्या संगणकावर पाठवायचे आणि त्याने तिथेच गुण भरायचे. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज चुकत नाही, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत, आणि कोणी काय तपासले याची नोंद राहते. पण चित्रे घेण्याचे काम तुंबले, हजारो परीक्षकांना नवी रीत शिकायची होती, उत्तरपत्रिकांच्या पानांची सरमिसळ झाली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली. तीही हुकली. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

यंत्रांच्या जाणकारांत एक जुना नियम आहे. नवी व्यवस्था सुरू करताना जुनी लगेच मोडू नये. दोन्ही काही काळ बरोबरीने चालवाव्या आणि निकाल ताडून पाहावे. बँकांनी खतावण्यांवरून संगणकावर जाताना हेच केले. एखादी विद्याशाखा एक सत्र पडद्यावर आणि बाकीच्या कागदावर, असे मुंबईत झाले असते तर तुंबारा उन्हाळ्याआधीच दिसला असता. पहिली पदवी परीक्षेनंतर देणाऱ्या विद्यापीठाचे सर्वस्व परीक्षेत असते, हे आपण १८५७ च्या वेळी पाहिले. घरातली सगळ्यांत जड वस्तू पहिल्याच खेपेला गाडीत घालण्यासारखे ते झाले.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीत दोन्ही व्यवस्था बरोबरीने चालवायला सवडच नव्हती. तेव्हाच्या गडबडीचा दोष कोणा एकाला देणे बरोबर होणार नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही असा निर्णय झाला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ऑक्टोबरच्या आसपास त्या घेतल्या, मुख्यतः ऑनलाइन, मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या. केळापूर तालुक्यात तो हंगाम कापूस वेचणीचा असतो. घरात एक फोन, त्यावर भाऊ आणि बहीण दोघांची परीक्षा, आणि संदेशवहनाच्या मनोऱ्याची एक-दोन रेघांपुरती साथ. हे चित्र यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत शिक्षकांनी पाहिले. रस्त्यालगतच्या गावात निदान टेकडीवर चढून काम भागे. कोलाम पोडांवर तेही अवघड. शिवाय तिथे घरात बोलली जाते ती कोलामी, शाळेतली मराठी ही दुसरी भाषा, आणि फोनवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत.

परतीच्या वाटेचे आपले माप इथे लावू. उत्तर पाठवले आणि क्षणात तपासले गेले. १८४० पासून मोजले तर वेगाचा हा उच्चांक! पण परत येणारे उत्तर केवढे राहिले? चारांतला एक पर्याय, म्हणजे संगणकाच्या भाषेत दोनच अंक. वाट रुंद झाली आणि तिच्यावरून जाणारी वस्तू लहान झाली. दोन पानी उत्तरात मुलगा कुठे अडखळला, कुठला दाखला त्याने आपल्या शेतातून घेतला, हे त्या दोन अंकांत मावत नाही. बहुपर्यायी प्रश्नांना आमचा विरोध नाही. चांगला प्रश्न काढणे ही कलाच आहे. पण मंचाला तपासायला सोपे म्हणून तेच विचारायचे, असे होऊ लागले की मंच शिक्षकाला नेमू लागतो.

लेखी उत्तरे तपासण्याचे काम आता संगणक करू शकेल, असे हल्ली बोलले जाते. इंग्रजीत त्याचे प्रयोग बरेच झाले आहेत. मराठी उत्तरांसाठी, तेही वऱ्हाडी वळणाच्या किंवा कोलामी घरातून आलेल्या मराठीसाठी, ते किती विश्वासाने वापरता येईल हे पाहायला शिक्षकांनीच बसावे लागेल.

एक छोटा उद्योग सुचवतो. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना तो सहज जमेल. गावातल्या अशा दहा जणांना गाठा, ज्यांनी टपालाने, मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन काही शिकले आहे. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. तुम्ही शेवटचे लेखी उत्तर कधी दिले? ते किती दिवसांनी परत आले? परत आले तेव्हा त्यावर नुसते गुण होते की कोणाच्या हाताचा शेराही होता? साल, माध्यम आणि दिवस यांचा तक्ता करा. परत न आलेल्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, तो रिकामा सोडू नका. बरोबरीने शाळेच्या संगणकावर 'अॅसिड' आणि 'ॲसिड' हे दोन्ही टंकून एकाचा शोध दुसऱ्यात लागतो का ते पाहा. कोणत्या आज्ञावलीत लागतो आणि कोणत्या नाही, हेही लिहून ठेवा. तक्ते आम्हाला पाठवलेत तर पुढच्या एखाद्या अंकात ते एकत्र छापू.